बेला गुटमान : शापाच्या गोष्टीत हरवलेला प्रशिक्षक

अर्धविराम

पोर्तुगालच्या बेनफिका क्लबचा संघ युरोपातल्या एखाद्या स्पर्धेत जरा पुढे सरकला की 'गुटमानचा शाप' वर येतोच. १९६२ मध्ये सलग दुसरा युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकून दिल्यावर प्रशिक्षक गुटमाननं जादा पैसे मागितले, क्लबनं नाही म्हटलं, आणि 'आता शंभर वर्षं युरोपात जिंकणार नाही' असं सुनावून तो चालता झाला. त्यानंतर बेनफिका युरोपातले आठ अंतिम सामने हरलं. गोष्ट इतकी आटोपशीर आहे की ती सांगून झाल्यावर त्या माणसाबद्दल आणखी काही विचारावं असं कुणाला वाटतच नाही. मला याचं फार वाईट वाटतं. फुटबॉलच्या इतिहासात परदेशी जाऊन प्रशिक्षक झालेले खेळाडू पुष्कळ आहेत, पण बेला गुटमानसारखं आयुष्य दुसऱ्या कुणाचं मला माहीत नाही. म्हणून हा धागा.

जन्म २७ जानेवारी १८९९, बुडापेस्ट. ज्यू कुटुंब, आईवडील दोघंही नृत्यशिक्षक, आणि हा स्वतःही नृत्य शिकवण्याइतका तयार झालेला. मैदानावर तो सेंटर-हाफ होता. त्या काळातला सेंटर-हाफ म्हणजे आजचा मध्य-बचावपटू नव्हे. संघाचा सगळा खेळ त्याच्या पायातून सुरू व्हायचा, त्यामुळे त्याला अंगात जोर हवा आणि डोक्यात नकाशाही हवा. एमटीके या बुडापेस्टच्या क्लबकडून त्यानं १९२० आणि १९२१ ची विजेतेपदं मिळवली. जिमी हॉगन या इंग्लिश प्रशिक्षकानं याच क्लबला जमिनीवरून, छोट्या पासचा खेळ शिकवला होता.

पण पहिल्या महायुद्धानंतरच्या हंगेरीत ज्यूंना दिवस वाईट आले. १९२० मध्ये विद्यापीठात त्यांच्या प्रवेशावर मर्यादा घालणारा कायदाच झाला. गुटमान व्हिएन्नाला गेला आणि हकोआ या क्लबमध्ये दाखल झाला. हकोआमध्ये सगळे खेळाडू ज्यू. प्रेक्षकांच्या शिव्या खात, कधी मारही खात खेळणारा हा संघ १९२५ मध्ये ऑस्ट्रियाचा विजेता झाला. निर्णायक सामन्यात त्यांच्या गोलरक्षकाच्या हाताला दुखापत झाली. तेव्हा बदली खेळाडू नसायचे, म्हणून तो हात गळ्यात बांधून पुढे आघाडीला खेळला आणि विजयी गोल त्यानंच केला.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गुटमान हंगेरीकडून गेला होता. संघाबरोबर पदाधिकाऱ्यांचाच लवाजमा मोठा. उतरायला हॉटेल मोंमार्त्रमधलं, जिथे रात्रभर गडबड चालायची आणि खोल्यांत उंदीर फिरायचे. गुटमाननं मेलेले उंदीर पदाधिकाऱ्यांच्या दारांना टांगून ठेवले. हंगेरी त्या स्पर्धेत इजिप्तकडून ०-३ अशी हरली. राष्ट्रीय संघातलं त्याचं स्थान तिथेच संपलं. हा प्रसंग मजेशीर म्हणून सांगितला जातो. मला त्यात वेगळं दिसतं. खेळाडूनं काय खायचं, कुठे झोपायचं, त्याला काय मिळायचं, हे खेळाइतकंच महत्त्वाचं आहे आणि ते ठरवणाऱ्यांना जाब विचारायचा, ही त्याची भूमिका तेव्हापासूनची आहे.

१९२६ मध्ये हकोआ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ४६ हजार माणसं त्यांचा खेळ बघायला आली. गुटमान आणि आणखी बरेच जण तिथेच राहिले. तिथल्या क्लबांकडून तो खेळला, १९२९ मध्ये न्यूयॉर्क हकोआबरोबर राष्ट्रीय चषकही जिंकला. पैसा बरा मिळाला. दारूबंदीच्या काळातल्या एका चोरट्या दारूगुत्त्यात त्याची भागीदारी होती, असंही सांगतात. मग १९२९ चा शेअर बाजार कोसळला आणि साठवलेलं सगळं गेलं. १९३२ मध्ये तो युरोपात परतला आणि पुढच्या वर्षी हकोआचा प्रशिक्षक म्हणून कामाला लागला.

इथून पुढची यादी एका दमात वाचली तर घेरी येते. नेदरलँड्समध्ये एन्स्खेदे, पुन्हा हकोआ, मग १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर बुडापेस्ट. तिथे उइपेश्त या क्लबला त्यानं १९३९ मध्ये हंगेरीची लीग आणि मित्रोपा कप दोन्ही जिंकून दिले. मित्रोपा ही मध्य युरोपातली तेव्हाची सर्वांत मोठी क्लब स्पर्धा. म्हणजे चाळिशीत हा माणूस युरोपातल्या पहिल्या रांगेतल्या प्रशिक्षकांमध्ये होता. आणि तिथेच सगळं थांबलं, कारण हंगेरीत ज्यूंविरुद्धचे कायदे आले.

युद्धाच्या काळात तो स्वित्झर्लंडमध्ये सुखरूप होता, असं कित्येक वर्षं छापलं जात होतं. ते खरं नाही. तो हंगेरीतच होता. पुढे त्याची बायको झालेली मारियान ज्यू नव्हती. तिच्या माणसांनी त्याला शहराच्या उइपेश्त भागात एका माळ्यावर लपवलं. नंतर तो वेठबिगारांच्या छावणीत सापडला. डिसेंबर १९४४ मध्ये, तिथल्या लोकांना पुढे पाठवण्याची वेळ आली तेव्हा, काही सोबत्यांबरोबर तो पळाला. त्या सोबत्यांत एर्नो एर्बस्टाइन होता, ज्यानं पुढे इटलीतल्या तोरिनो क्लबचा तो अजिंक्य संघ घडवला. गुटमानचे वडील आणि बहीण मारले गेले. या सगळ्याबद्दल तो स्वतः आयुष्यभर जवळजवळ काहीच बोलला नाही.

आता पुढचं वाचताना हे मनात ठेवा. १९४५ नंतर तो रुमानियात चोकानुल या क्लबचं काम करायला गेला. महागाई अशी की नोटेला किंमत नाही, म्हणून पगार त्यानं भाजीपाल्याच्या रूपात ठरवून घेतला. १९४७ मध्ये उइपेश्तला पुन्हा विजेतेपद. मग बुडापेस्टचाच किश्पेश्त क्लब, मग इटलीत पादोवा आणि त्रिएस्तिना, मध्ये अर्जेंटिना आणि सायप्रस, आणि १९५३ मध्ये मिलान. स्कियाफिनो, नॉर्डाल, लिडहोम असे खेळाडू हाताशी. १९५४-५५ च्या हंगामात मिलान अग्रस्थानी असताना व्यवस्थापनाशी खटके उडाले आणि त्याला काढून टाकलं. ती लीग शेवटी मिलाननंच जिंकली. त्यानंतर त्यानं करारात एक कलम घालून घ्यायला सुरुवात केली असं सांगतात : संघ पहिल्या क्रमांकावर असताना मला काढता येणार नाही.

१९५६ च्या हंगेरीतल्या उठावानंतर होनवेद या बुडापेस्टच्या क्लबचा संघ मायदेशी न परतता दौरे करत राहिला. त्यांच्याबरोबर गुटमान ब्राझीलला गेला आणि तिथे साओ पावलो क्लबनं त्याला ठेवून घेतलं. १९५७ मध्ये साओ पावलो राज्याचं विजेतेपद. संघात पस्तिशीतला झिझिन्यो होता, ज्याला इतर क्लबांनी संपलेला मानलं होतं. साओ पावलोला तेच विजेतेपद पुन्हा मिळायला १९७० उजाडलं.

तिथून पोर्तुगाल. १९५८-५९ मध्ये पोर्तोला लीग जिंकून दिली, तीही बेनफिकाशी गुण समान होऊन अवघ्या एका गोलच्या फरकानं. आणि त्याच उन्हाळ्यात तो बेनफिकाचा प्रशिक्षक झाला! जुन्या खेळाडूंपैकी अनेकांना घरी पाठवलं, तरुण मुलं आणली. १९६० आणि १९६१ मध्ये लीग. १९६१ मध्ये बर्नला बार्सिलोनाला ३-२ हरवून युरोपियन कप, १९६२ मध्ये आम्सटरडॅमला रेआल माद्रिदला ५-३ हरवून तोच कप पुन्हा. पहिले पाच युरोपियन कप एकट्या रेआलनं जिंकले होते. ती सद्दी मोडणारा पहिला संघ बेनफिका.

आणि मग ती बोनसची मागणी. करारात युरोपियन कपसाठी लीगपेक्षाही कमी रक्कम लिहिलेली होती. करार झाला तेव्हा बेनफिका युरोप जिंकेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दोनदा जिंकल्यावरही संचालकांनी आपणहून तो आकडा बदलला नाही. त्यानं मागितलं, त्यांनी नकार दिला.

याला लोभ म्हणतात. ज्याची साठवलेली पुंजी बाजारात बुडाली, ज्याचा देश त्याच्या जिवावर उठला, पहिल्या क्रमांकावर असताना ज्याची नोकरी गेली, त्या माणसानं आपल्या कामाची किंमत कागदावर आणि वेळेवर मागणं मला लोभ वाटत नाही. त्याला कळलं होतं की कृतज्ञता टिकत नाही, करार टिकतो. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. त्याच्या संघांचा खेळ, त्याची भांडणं, सगळंच.

दहा नंबर

सुंदर लेख. उंदरांचा किस्सा माहीत होता, छावणीतून पळाल्याचं नव्हतं. एर्बस्टाइन १९४९ मध्ये सुपेर्गाच्या विमान अपघातात तोरिनोच्या संघाबरोबर गेला. ज्या दोघांनी एकत्र मरण चुकवलं त्यातल्या एकाला चारच वर्षं मिळाली, हे वाचून थांबलो.

बेनफिकाचा तारा युसेबियो, त्याच्याबद्दल लिहायला हवं होतं. लिस्बनमधल्या एका केशकर्तनालयात गुटमानला बाउअर भेटला. बाउअर म्हणजे ब्राझीलचा जुना आंतरराष्ट्रीय खेळाडू, तेव्हा एका ब्राझिलियन क्लबला घेऊन आफ्रिकेचा दौरा करून आलेला. त्यानं मोझांबिकमध्ये बघितलेल्या एका मुलाबद्दल, म्हणजे युसेबियोबद्दल, सांगितलं आणि गुटमाननं लगेच हालचाल केली. अडचण अशी की हा मुलगा लोरेंसो मार्केसमधल्या स्पोर्टिंगच्या शाखा-क्लबकडून खेळायचा, म्हणजे लिस्बनच्या प्रतिस्पर्ध्यांचा त्याच्यावर हक्क. डिसेंबर १९६० मध्ये तो लिस्बनला उतरला आणि वाद मिटेपर्यंत बेनफिकानं त्याला दक्षिणेकडे अल्गार्वमध्ये दडवून ठेवलं. म्हणून १९६१ च्या बर्नच्या अंतिम सामन्यात तो नाही. १९६२ च्या सामन्यात आहे, आणि शेवटचे दोन गोल त्याचे आहेत.

मधली फळी

१९६२ चा सामना मी जितका उपलब्ध आहे तितका बघितलाय. रेआलकडून पुश्काशनं पहिल्या ३८ मिनिटांत तीन गोल केले. बेनफिका ०-२ वरून २-२ वर आलं, मध्यंतराला २-३. दुसऱ्या अर्धात गुटमाननं आपल्या कावेंला रेआलच्या दि स्तेफानोच्या मागे लावलं. सगळ्यांचं लक्ष पुश्काशवर, पण पुश्काशला चेंडू पुरवणारा दि स्तेफानो होता. तो नळ बंद केल्यावर पुश्काश पुढे एकटा पडला. मग बेनफिकाच्या कोलुनाचा लांबून मारलेला गोल, आणि युसेबियोचे तीन मिनिटांतले दोन. पाच गोलमुळे हा सामना आक्रमणाचा म्हणून लक्षात राहिलाय, पण तो फिरला एका बचावाच्या निर्णयानं.

आणखी एक. बर्नचं वांकडॉर्फ मैदान हंगेरियन लोकांसाठी फार दुखरी जागा आहे. १९५४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच हंगेरी पश्चिम जर्मनीकडून २-३ हरली. १९६१ मध्ये बार्सिलोनाकडून कोचिश आणि झिबोर हे त्याच हंगेरियन संघातले दोघं खेळले, दोघांनीही गोल केले, आणि पुन्हा त्याच मैदानावर २-३ नेच हरले. समोरच्या बाकावर त्यांचाच देशबंधू गुटमान. बार्सिलोनाचे कितीतरी फटके गोलखांबाला लागले, त्यामुळे त्या दिवशी बेनफिकाला नशिबाची साथ होती हेही लिहायला हवं.

ब्राझीलचा मुद्दा मात्र मला लेखात कमी वाटला. ४-२-४ ही रचना (चार बचावपटू, दोन मधल्या फळीत, चार आघाडीला) गुटमाननं ब्राझीलला नेली आणि १९५८ चा विश्वचषक त्या रचनेवर जिंकला गेला. हे त्याचं सर्वांत मोठं देणं नाही का?

चिकित्सक

@मधली फळी, हे इतकं सरळ नाही. ४-२-४ कडे जाणाऱ्या वाटा अनेक होत्या. ब्राझीलमध्ये फ्लाविओ कोस्ता आणि पाराग्वेचा फ्लेइतास सोलिच हे गुटमान येण्याआधीच चौथा बचावपटू मागे ओढण्याचे प्रयोग करत होते. हंगेरीत मार्तोन बुकोवी आणि गुस्ताव शेबेश यांनी आघाडीवीराला मागे खेचून तिथवर मजल मारली होती. गुटमान एका परंपरेतून आला आणि दुसरी परंपरा तिथे आधीच चालू होती. १९५८ चा ब्राझीलचा प्रशिक्षक विसेंते फेओला हा साओ पावलो क्लबचाच माणूस, गुटमानच्या तिथल्या वर्षात त्याच्याबरोबर काम केलेला. त्यामुळे प्रभाव नक्की आहे. वेगानं पुढे जायचं, चेंडू पायात फार वेळ ठेवायचा नाही, गोलवर लवकर मारायचं, यासाठी तो साओ पावलोत आग्रही होता. पण 'ब्राझीलला फुटबॉल हंगेरीनं शिकवलं' हे वाक्य ब्राझीलच्या लोकांवर अन्याय करतं.

आता शापाबद्दल. शापाचे शब्दही दरवेळी वेगळे सांगितले जातात. कधी 'शंभर वर्षं बेनफिका युरोपात जिंकणार नाही', कधी 'कुठलाही पोर्तुगीज क्लब सलग दोनदा जिंकणार नाही'. आणि मुख्य म्हणजे १९६५ मध्ये हाच माणूस बेनफिकाला प्रशिक्षक म्हणून परत आला. तीनच वर्षांपूर्वी ज्यानं क्लबला शंभर वर्षांचा शाप दिला त्याला कुठला संचालक परत बोलावेल? भांडण झालं होतं, कटुताही होती, पण व्यवहार संपला नव्हता.

राहिले आठ पराभव. एकेक बघू. १९६३, वेम्बली, मिलानकडून १-२ : कोलुना जबर धक्क्यानं जखमी झाला, बदली खेळाडू नाही. १९६५, इंटरकडून ०-१ : सामना इंटरच्याच सान सिरोवर, पावसात. गोलरक्षक कोस्ता परेराच्या हातून चेंडू निसटला आणि पुढे तो जखमी झाल्यावर बचावपटू जर्मानो गोलमध्ये उभा राहिला. १९६८, मँचेस्टर युनायटेडकडून १-४ : ९० मिनिटांपर्यंत १-१, अगदी शेवटी युसेबियोचा फटका त्यांचा गोलरक्षक स्टेपनीनं धरला, आणि जादा वेळेत तीन गोल खाल्ले. १९८३, युएफा कप, आंदरलेख्तविरुद्ध दोन सामन्यांत मिळून १-२. १९८८, पीएसव्हीविरुद्ध पेनल्टीवर, वेलोसोची हुकली. १९९० मध्ये रायकार्डचा एक गोल, आणि समोर युरोपातला तेव्हाचा सर्वांत बलाढ्य मिलान. २०१३, युरोपा लीग, चेल्सीच्या इव्हानोविचचं भरपाई वेळेतलं हेडर. २०१४, सेविया, पुन्हा पेनल्टी. प्रत्येकाचं कारण त्या त्या सामन्यात आहे. आणि इतक्या अंतिम फेऱ्या गाठणारा क्लब शापित कसा? बहुतेक क्लबांना त्यातली एकही नशिबी नसते.

वाटसरू

१९९० चा अंतिम सामना व्हिएन्नातच होता आणि गुटमानची कबरही तिथेच. सामन्याआधी युसेबियो तिथे जाऊन प्रार्थना करून आला. लोक हे शापावरच्या विश्वासाचा पुरावा म्हणून सांगतात. मला वाटतं, ज्यानं आपल्याला १८ व्या वर्षी हेरलं त्या माणसाच्या कबरीशी तो गेला, एवढंही कारण पुरेसं आहे.

सांजवारा

लेख आवडला, पण मी पूर्ण सहमत नाही. युद्धात सोसलेलं दुःख खरं आहे, मोठं आहे. म्हणून त्याच्या प्रत्येक भांडणाला तेच कारण लावायचं का? उंदीर १९२४ चे आहेत, युद्धाच्या पंधरा वर्षं आधीचे. एन्स्खेदेची गोष्टही घ्या. संघ धडपडत होता, तेव्हा यानं विजेतेपदासाठी भला मोठा बोनस करारात घालून घेतला आणि अध्यक्षानंही हसत मान्य केला, कारण ते होणारच नव्हतं. मग संघ जिंकत सुटला आणि पैसे कुठून आणायचे म्हणून अध्यक्ष आपल्याच संघाच्या पराभवाची वाट बघू लागला, असं सांगतात. म्हणजे स्वभाव आधीपासून होता.

आणि किश्पेश्तचं प्रकरण तर त्याच्या बाजूनं सांगताच येत नाही. पाती नावाचा बचावपटू धसमुसळा खेळत होता. मध्यंतराला गुटमाननं त्याला सांगितलं, तू आता उतरायचं नाहीस. बदली खेळाडू नसताना याचा अर्थ संघानं दहा जणांनी खेळायचं. तरुण पुश्काशनं पातीला सांगितलं, तू चल. पाती मैदानात गेला. गुटमान स्टँडमध्ये जाऊन बसला, घोड्यांच्या शर्यतीचं वर्तमानपत्र वाचत राहिला, सामना संपल्यावर ट्राम धरून घरी गेला आणि पुन्हा त्या क्लबमध्ये पाऊल ठेवलं नाही. ज्या खेळाडूंची जबाबदारी घेतली त्यांना अर्ध्यावर टाकून जाणं हे मला खटकतं. खेळाडूंच्या बाजूनं उभा राहणारा माणूस असा वागतो?

अर्धविराम

@सांजवारा, तुमचा मुद्दा वजनदार आहे. स्वभाव आधीपासूनचा होता हे मान्य. मी एवढंच म्हणतो की त्या स्वभावाला आयुष्यानं दरवेळी दुजोरा दिला. जो माणूस मुळात संशयी आहे आणि ज्याचा संशय दर दहा वर्षांनी खरा ठरतो, तो बदलेल कसा?

पातीच्या प्रसंगात मात्र मी थोडा गुटमानच्या बाजूनं आहे. तो संघाला हरवायला निघाला नव्हता. आपलाच खेळाडू दुसऱ्याचे पाय तोडतोय हे त्याला चालत नव्हतं, मग दहा जणांनी खेळावं लागलं तरी बेहत्तर. आणि तिथे प्रश्न उभा राहिला की संघात अंतिम शब्द कुणाचा. किश्पेश्तमध्ये आधी पुश्काशचे वडील प्रशिक्षक होते, मुलगा संघाचा तारा. तिथे नव्यानं आलेल्या प्रशिक्षकाचा शब्द मोडला गेला आणि मोडणाऱ्याला क्लब काहीही करणार नव्हता. त्यानंतर तिथे राहून त्यानं काय केलं असतं? वर्तमानपत्र वाचत बसणं मलाही पटत नाही. निघून जाणं पटतं.

गंमत म्हणजे याच पुश्काशनं १९६२ मध्ये त्याच्याविरुद्ध तीन गोल केले आणि तरी हरला. त्या दिवशी दोघांच्या मनात किश्पेश्त आलं असेल का, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

@दहा नंबर, युसेबियोवर मुद्दाम कमी लिहिलं, कारण त्याच्यावर लिहिलेलं पुष्कळ आहे. पण बाउअरची भर घातलीत ते फार चांगलं केलंत. परदेशात फिरणाऱ्या प्रशिक्षकाची खरी मिळकत हीच. साओ पावलोत काढलेलं एक वर्ष लिस्बनमध्ये असं उपयोगी पडतं. ज्याच्या ओळखी तीन खंडांत आहेत त्याला खुर्चीवर बसल्या बसल्या शतकातला एक खेळाडू सापडतो.

नवी पालवी

एक प्रश्न. तो कुठेच टिकला नाही, मग त्याला महान म्हणायचं का? क्लब घडवायला वर्षं लागतात. तो प्रत्येक ठिकाणी दोन वर्षं राहून पुढे.

मधली फळी

त्याचं स्वतःचं मत होतं की तिसरा हंगाम घातक असतो. खेळाडूंना प्रशिक्षकाचं बोलणं पाठ होतं, प्रतिस्पर्ध्यांना त्याच्या युक्त्या पाठ होतात. हे आजही कितीतरी मोठ्या प्रशिक्षकांबाबत खरं ठरताना दिसतं. गंमत अशी की बेनफिकातला त्याचा तिसरा हंगाम म्हणजेच १९६१-६२, ज्यात युरोपियन कप राखला. त्या वर्षी लीग मात्र स्पोर्टिंगनं नेली. म्हणजे त्याचा नियम अर्धा खरा ठरला.

@नवी पालवी, घडवण्याचं म्हणाल तर १९६१ च्या बेनफिकाचा कणा पुढचं जवळजवळ अख्खं दशक चालला. तो गेल्यावर सहा वर्षांत ते तीनदा युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात होते. दोन-तीन वर्षांत असं काही उभं करून जाणं याला घडवणं नाही तर काय म्हणायचं?

सांजवारा

ते मान्य. पण १९६२ नंतर त्याच्या हातून तसं काही झालं नाही हेही खरं. उरुग्वेच्या पेन्यारोलला घेऊन १९६२ च्या लिबर्तादोरेसचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लब स्पर्धेचा, अंतिम सामना खेळला, तिथे पेलेचा सांतोस जिंकला. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघाचं काम १९६४ मध्ये काही महिनेच. बेनफिकात परत आला त्या १९६५-६६ च्या हंगामात मँचेस्टर युनायटेडनं लिस्बनमध्ये येऊन ५-१ असं धुतलं, तो युनायटेडच्या जॉर्ज बेस्टनं गाजवलेला सामना. लीगही गेली. मग स्वित्झर्लंड, ग्रीस, पुन्हा ऑस्ट्रिया, पुन्हा पोर्तुगाल. त्यानंतर तो जुन्या पुण्याईवर नोकऱ्या मिळवत होता, असं मला वाटतं.

अर्धविराम

बऱ्याच अंशी बरोबर. १९६५ ला परत जाणं ही त्याच्या सगळ्या शहाणपणाविरुद्धची गोष्ट होती. लोक बदललेले, युसेबियो आता जगातला मोठा तारा, आणि ज्या संचालकांच्या खुर्च्यांशी भांडण झालं त्याच खुर्च्यांसमोर पुन्हा उभं राहायचं. तरी गेला. पैसा हेच त्याचं एकमेव कारण असतं तर त्याला दुसरीकडेही पैसा मिळाला असता.

ऑस्ट्रियाच्या कामाबद्दल एक भर घालतो. तिथून तो लवकर बाहेर पडला त्यात ज्यूद्वेषाचा अनुभव हेही कारण होतं. १९६४ साल, व्हिएन्ना, हकोआचं शहर. हे वाचून मला मिलान किंवा बेनफिकापेक्षा जास्त राग आला.

दहा नंबर

शेवटचं काम पोर्तोत, १९७३-७४. त्या हंगामात १६ डिसेंबर १९७३ ला सेतुबालविरुद्धच्या सामन्यात तेराव्या मिनिटाला पोर्तोचा मधल्या फळीतला खेळाडू पावाव मैदानावरच कोसळला आणि गेला. जेमतेम पंचविशी-सव्विशीचा मुलगा. पंचाहत्तरीला आलेल्या प्रशिक्षकाला संघ घेऊन त्यानंतरही हंगाम पुरा करावा लागला. गुटमानच्या कहाणीत हे कुणी लिहीत नाही, म्हणून इथे लिहिलं. १९८१ च्या ऑगस्टमध्ये तो व्हिएन्नात वारला.

चिकित्सक

बेनफिकानं २०१४ मध्ये आपल्या मैदानाजवळ त्याचा पुतळा उभारला, दोन्ही हातांत एकेक युरोपियन कप. त्याच वर्षी मे महिन्यात ते सेवियाकडून हरले आणि वर्तमानपत्रांना पुन्हा तीच बातमी मिळाली. २०२२ मध्ये त्यांच्या युवा संघानं युएफा युथ लीगचा अंतिम सामना साल्झबुर्गविरुद्ध ६-० असा जिंकला, तेव्हा 'शाप सुटला' हेही छापून आलं. म्हणजे मुलं सहा गोल करून जिंकली तरी श्रेय एका मेलेल्या माणसाच्या कथित रागाला. त्या मुलांवरही हा अन्यायच.

@अर्धविराम, एर्बस्टाइनवर स्वतंत्र धागा काढा. लुकेसे आणि तोरिनो या इटालियन क्लबांमधलं त्याचं काम, १९३८ चे इटलीतले वंशविषयक कायदे, कुटुंबासकट देश सोडणं, हे सगळं गुटमानच्या शेजारी ठेवून वाचायला हवं.

अर्धविराम

काढतो. एर्बस्टाइन, जिमी हॉगन आणि गुटमान हे तिघं एका साखळीतले आहेत, पण तिघांना एका लेखात कोंबलं तर प्रत्येकावर दोन परिच्छेद होतील. आधी एर्बस्टाइन. लुकेसेबद्दल तुमच्याकडे काही टिपणं असतील तर तिथे जरूर टाका.